जिन्यातली काच

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकला असशील, म्हणून पहिल्यांदा हे सांगते की कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, सगळे धडधाकट आहेत, आत्यासुद्धा. फोन करायला काय झालं होतं, असं म्हणशील. अरे, फोनवर आपण बोलतो तरी काय? तू विचारतोस बरी आहेस ना, मी म्हणते हो, मग मी विचारते तू बरा आहेस ना, तू म्हणतोस हो, आणि मग फोन आधी कोण ठेवतंय याची वाट बघत दोघं गप्प बसतो. हे तसल्या फोनवर सांगण्यासारखं नाही. तर ऐक. मी घर सोडून चाललेय. लग्नबिग्न नाही, पळूनबिळून तर नाहीच नाही. सरळ नोकरी लागलीय, दुसऱ्या शहरात, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचंय. बाबांना माहीत आहे. कालपर्यंत त्यांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं, आणि त्यानेच माझ्या जिवाला घोर लागला होता. तुझ्या वेळी काय झालं ते मी विसरलेले नाही. मला जायचंय, पण तू गेलास तसं जायचं नाही. एकदा उंबरा ओलांडला की परत यायची सोयच राहिली नाही, असं मला नकोय. राग मानू नकोस, पण खरं ते हे आहे. आणि हे पत्र मी मुळात कशासाठी लिहायला घेतलं, ते शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणारच नाहीस, मी काय ओळखत नाही का तुला.

दुकानाच्या मागच्या बाजूला, काच कापायच्या टेबलावर बसून लिहितेय. खाली जाड लोकरी कापड अंथरलेलं आहे, त्यात पेन सारखं रुततंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. बाबा माप घ्यायला गेलेत. आई पुढे एका बाईंना आरशाची चौकट निवडून देतेय, आणि त्या बाईंना सगळ्याच चौकटी आवडल्यात, म्हणजे बराच वेळ मला कोणी हाक मारणार नाही. घरात बदल म्हणशील तर तुझी खोली आता खोली राहिलेली नाही. भिंतीला आरसे टेकून उभे आहेत, तुझा पलंग आहे पण त्याच्यावर लाकडी पट्ट्या पसरलेल्या. आई तिला दादाची खोली म्हणते, बाबा मागची खोली म्हणतात, आणि मी दोघांसमोर नुसतं तिकडे म्हणते. तू गेल्यावर बाबांनी हाताखाली माणसं ठेवून बघितली, पण एकही टिकला नाही. कोणी घाई करायचा, कोणी हातमोजे घालायचा नाही. शेवटी जो आला त्याला आईने रेडिओ नाव ठेवलं. माणूस वाईट नव्हता, पण अर्धा टन काच हातात धरूनही सासूच्या तक्रारी सांगायचा. बाबांनी महिनाभर सोसलं आणि मग त्याला त्याच्या सासूकडे पाठवून दिलं. त्यानंतर काचेचं दुसरं टोक माझ्याकडे आलं. आधी सुट्टीपुरतं, मग कॉलेज संपल्यावर रोज. मला कोणी विचारलं नाही आणि मीही नको म्हटलं नाही. तेव्हा मला ते फार भारी वाटायचं, हेही खरं.

काच कशी न्यायची ते तुला सांगायला नको, पण इतक्या वर्षांत विसरला असलास तर म्हणून सांगते. बोलायचं नाही. बोटाने काचेवर वाजवायचं. एकदा वाजवलं की थांब, दोनदा की चल, तीनदा की खाली ठेव. दुसऱ्याचं बोट ऐकू येत नाही, तळव्याला कळतं. बाबा म्हणतात बोलायला लागलं की माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो आणि पायाकडचं विसरतो. आणि याच गप्प बसण्याचा आईने किती फायदा करून घेतलाय. आपल्या घरात अवघड गोष्ट सांगायची ठरलेली वेळ म्हणजे बाबांच्या हातात काच असताना. ओरडता येत नाही, हात झटकता येत नाही, तरातरा निघूनही जाता येत नाही. मी होणार आहे हे आईने त्यांना ते शिडीवर तावदान धरून उभे असताना सांगितलं. आत्या चार महिने राहायला येतेय, तेही तसंच. गाडीचा दिवा फुटला, तेही तसंच. तू नापास झालास तेव्हा तूसुद्धा निकाल खिशात ठेवून आधी दुपारच्या कामाला गेलास आणि दुसऱ्या टोकावरून सांगितलंस, आणि बाबांनी फक्त दोनदा वाजवलं. काच खाली ठेवेपर्यंत त्यांचा राग निम्मा उतरलेला असतो, हे आपल्या तिघांना पक्कं ठाऊक होतं. आणि जी सगळ्यात अवघड गोष्ट होती ती मात्र तू सकाळी जेवायच्या टेबलावर, बाबांचे दोन्ही हात मोकळे असताना सांगितलीस.

मी तिथेच होते. तुझी शेपूट होते ना मी, तू उठलास की उठायचं, तू बसलास की बसायचं. मला तू काय बोललास ते अजून जसंच्या तसं आठवतं. तू म्हणालास की मला जन्मभर दुसऱ्याच्या काचेचं टोक धरून उभं राहायचं नाही. बाबांनी कप ठेवला आणि म्हणाले की जायचंच आहे तर थांबलास कशाला, आत्ता जा. तुला वाटलं ते खरंच म्हणाले, आणि त्यांना वाटलं तू संध्याकाळपर्यंत येशील. दोघंही एका मुशीतले. तू वर गेलास, बॅग घेऊन उतरलास, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून बाहेर पडलास. संध्याकाळी एका दुकानाची काच बसवायची होती. बाबांनी उशिरापर्यंत गाडी भरलेली ठेवली, मग आईला म्हणाले चल. आई त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या मोठ्या काचेला लागली, आणि परत आल्यावर तिने हात पाण्यात बुडवून ठेवले होते. त्यानंतर बाबांच्या तोंडात तू फक्त तो झालास. त्याचा फोन आला होता का. त्याला थंडी सोसत नाही. बस, एवढंच. चूक कोणाची हे मला आज उकरायचं नाही. मला एवढंच सांगायचंय की त्या टेबलावर मी अजून रोज सकाळी बसते, आणि कप जरा जोरात ठेवला गेला तरी मी आधी दाराकडे बघते.

माझ्या नोकरीचं सांगते. आम्ही एका कारखान्याची खिडकी बसवायला गेलो होतो, तिथे प्रयोगशाळेसाठी काचेच्या नळ्या आणि चंबू बनवतात. खिडकीजवळ एक बाई ज्योतीसमोर बसून काचेची नळी फिरवत होत्या. नुसती फिरवत होत्या, शांतपणे, आणि ती मऊ झाली की फुंकर मारून तिला पोट आणत होत्या. समोर कोणी नाही, पलीकडच्या टोकाला कोणी नाही. मी पुट्टीचा डबा हातात धरून बघतच राहिले, बाबांना दोनदा हाक मारावी लागली. दादा, मला त्या क्षणी त्या बाईंचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून बाबांसमोर लाज वाटली. पुढे मी मैत्रिणीकडे जाते सांगून रविवारी तिकडे जायला लागले. बाईंनी मला नळी दिली. माझा पहिला चंबू बटाट्यासारखा झाला, दुसरा त्याहून वाईट. पण बाई म्हणाल्या की काच तापली की कशी वागते ते तुला हाताने कळतं, बाकीचं शिकवता येईल. त्यांची मोठी कार्यशाळा दुसऱ्या शहरात आहे, तिथे शिकाऊ म्हणून जागा होती. मी अर्ज केला, बोलावणं आलं, गेले, आणि लागले. राहायला आणखी दोन मुलींबरोबर वरच्या मजल्यावरची खोली घेतलीय. तिथलं एक तावदान वाऱ्याने खडखडतं, ते मी गेल्या गेल्या पक्कं करणार आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. मी कधी दुसऱ्या घरात जागी झालेले नाही. आत्याने कळल्या कळल्या विचारलं की तिकडे आहे तरी कोण. मी म्हटलं कोणीही नाही, म्हणूनच चाललेय. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही, तेवढाच आराम.

आता जे घरात कोणी बोलत नाही ते तुला लिहिते. बाबांचे हात गेलेत. म्हणजे दिसायला तेच आहेत, पण पकड राहिलेली नाही. गेल्या थंडीत एक आरसा खाली ठेवताना त्यांची बाजू माझ्या आधी टेकली, तीनदा वाजवायच्या आत. मला वाटलं माझंच चुकलं. मग परत तसंच झालं. मग मला कळलं की ते ठेवत नाहीत, काच हातातून सुटतेय. आता ते बरणीचं झाकण आईकडे न बघता सरकवतात आणि आई न बघता उघडून देते. काचेला रबराने चिकटणारी सक्शनची हँडल ते कधी हातात धरायचे नाहीत, तळहात असताना रबर कशाला म्हणायचे, आणि मागच्या वसंतात गुपचूप जोडी विकत आणली.  तिघांनाही हिशोब माहीत आहे. मी टोक सोडलं की मोठी कामं बंद, आणि मोठी कामं बंद म्हणजे दुकान नावापुरतं. हे माहीत असून मी अर्ज केला. रात्र रात्र झोप लागली नाही असं लिहिलं तर नाटकी वाटेल, पण जेवण मात्र खरंच गेलं होतं. कधी वाटायचं थांबावं, आणखी थोडं. मग वाटायचं, थोडं म्हणजे किती? हात एकदम जात नाहीत, हळूहळू जातात, आणि मी रोज सकाळी त्यांच्या हातांकडे बघत म्हातारी होणार. मग माझाच मला इतका राग यायचा की काही विचारू नकोस.

आईला आधी सांगितलं. ती काचेवर कागद चिकटवत होती. ती म्हणाली की टेबलावर नको सांगूस. एवढंच. मग पुढच्या कामाची वाट बघितली. काम निघालं एका दंतवैद्याकडचं, वरच्या मजल्यावर, लिफ्टमध्ये काच मावेना आणि जिना म्हणजे बोळ. बाबा खाली, मी वर, उलटी चालत. जड बाजू ते अजूनही मला देत नाहीत. पहिल्या मजल्यावर एक बाई बाळाची गाडी घेऊन दारात आल्या आणि आम्हाला बघून पुन्हा आत गेल्या. मी सांगायचं ठरवलेलं वाक्य मनात इतक्यांदा घोळवलं होतं की तोंडातून निघालं ते निराळंच. मी म्हणाले, बाबा, मला दुसरीकडे काम मिळालंय, पहिल्या सोमवारपासून, आणि मी तिकडेच राहणार आहे. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यात काहीच हललं नाही. मग तळव्याला एकदा लागलं. थांब. आम्ही थांबलो. ते वळणाच्या दोन पायऱ्या खाली, मी भिंतीला पाठ लावून. आणि काच त्यांच्या बाजूने सरकली, अगदी जराशी.  मी गुडघा कठड्याला रोवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला, आणि मनात म्हणत राहिले की आत्ता नको, आत्ता सुटायला नको, नाहीतर मीच पाडली असं मानत मला जन्मभर जगायला लागेल. वर कोणाच्या तरी दाताला यंत्र लावलं होतं, त्याचा आवाज येत होता. बाबांनी पकड बदलली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग ते बोलले, काच हातात असताना मी त्यांना बोलताना पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी विचारलं, काचेचंच काम आहे का. मी हो म्हणाले. त्यांनी दोनदा वाजवलं आणि आम्ही वर गेलो.

मला वाटलं, सुटले. आईची युक्ती चालली. पण दादा, युक्ती चालली असं म्हणायचं तर काच खाली ठेवल्यावर काहीतरी यायला हवं होतं, राग तरी. काही आलं नाही. त्यांनी तावदान बसवलं, पुट्टी दाबली, बोटांचे ठसे पुसले, दंतवैद्याने विचारलं चहा घेणार का तर नको म्हणाले, आणि घरापर्यंत गाडी चालवली. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. मी समोर आले की ते काच कापायच्या कटरचं चाक तपासायला लागायचे. घरात सगळे हळू चालत होते. आई माझे कपडे इस्त्री करून रचत होती आणि बाबा त्या ढिगाच्या बाजूने वळसा घालून जात होते. आणि मग एका संध्याकाळी येऊन त्यांनी सांगितलं की वाचनालयाचं काम घेतलंय. तुला ते वाचनालय आठवत असेल, जिन्याच्या मधल्या वळणावर उंच खिडकी आहे ते. ती काच तडकलीय. नवी येणार ती दुहेरी, दोन काचा एकमेकींना चिकटवलेली, दारापेक्षा उंच, आणि बाहेरून उचलायचं यंत्र लावायला जागा नाही, हातानेच जिन्याने न्यायची. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, वाचनालय रविवारी बंद असतं, तेव्हा बसवायची. कोणता रविवार? माझ्या सोमवारच्या आदला. मी विचारलं की ही काच दोघांना उचलेल का. ते म्हणाले नाही, तीन लागतील, चार त्या वळणावर मावत नाहीत. मी विचारलं तिसरं कोण. ते म्हणाले बघू.

बघू. आपल्या घरात बघूचा अर्थ काय असतो ते तुला माहीत आहे. सहलीला जाऊ का, बघू. सायकल घेऊ का, बघू. मी दोन दिवस वाट बघितली. मग म्हटलं रेडिओला विचारते, तर नको म्हणाले. म्हटलं काच आणून देणाऱ्यांचा एखादा माणूस थांबेल, तर तेही नको. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, निदान मला तसं वाटलं. तिसरा माणूस नाही म्हणजे रविवारी काच बसणार नाही, जिन्याखाली तशीच उभी राहील, मग सोमवारी मी बाबांना त्या काचेपाशी एकटं टाकून जाऊ शकणार नाही, आणि एकदा तो सोमवार चुकला की नोकरी गेली. नाही म्हणायचं नाही आणि जाऊही द्यायचं नाही, वा. काल दुपारी माझा बांध फुटला. मी इथेच, या टेबलापाशी, नको नको ते बोलले. म्हणाले तुम्ही हे काम मुद्दाम घेतलंत. म्हणाले तुमचे हात चालत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, तरी माझे हात बांधून ठेवायचेत. आणि म्हणाले, दादा गेला ते बरोबरच केलं त्याने. आई पुढच्या दुकानातून धावत आली आणि दारातच थांबली. मला वाटलं आता बाबा म्हणणार, आत्ता जा. मी खरंच वाट बघत होते. मी मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली होती, तुझ्यासारखी.  त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं, मग एप्रन काढून खुंटीला लावला आणि बाहेर गेले. जेवायला आले नाहीत. आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं, आणि माझ्याकडे एकदा असं बघितलं की तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी एक आरसा पोचवायचा होता म्हणून आम्ही गाडीत बसलो. मी मुद्दाम बाहेर बघत होते. दुकानापासून जरा पुढे गेल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत बोलायला लागले. म्हणाले, हात गेलेत हे खरं आहे, ही काच बसली की मोठी कामं बंद, तसं वाचनालयवाल्यांनाही सांगून टाकलंय. तू सोमवारी जा, तिथे मन लावून शीक, सुट्टीला येत जा. म्हणाले, शेवटची मोठी काच मला परक्या माणसाबरोबर उचलायची नाही. आणि मग म्हणाले की तिसरा माणूस मी काम घेतानाच धरला होता, वळणावर वरची कड सांभाळायला उंच माणूस लागतो, आपल्यात तोच उंच आहे. पण मी बोलावलं तर त्याला वाटेल मी गुडघे टेकले, किंवा त्याला वाटेल मी हुकूम सोडला, तेव्हा तू लिही. दादा, पत्र मी याचसाठी लिहितेय. फोन केला असता तर तू ऐकायच्या आधी नाही म्हणाला असतास. माझ्यानंतर दुकानात ये, इथे राहा, जुनं विसर, असं कोणी तुला म्हणत नाहीये; एका रविवारची सकाळ, एक जिना, आणि मग दुपारी हवं तर परत जा. बाबा दारात तुला बघून फार काही बोलतील अशी आशा धरू नकोस, आई मात्र रडेल, तिला रडू दे. आता ते वळणाचं माप पुन्हा घ्यायला गेलेत, याआधी दोनदा घेतलंय तरी. निघताना त्यांनी गाडीचं दार धरून मला विचारलं, येईल का तो. आणि मी, तुला न विचारता, तुझ्या मनात काय आहे ते माहीत नसताना, हो म्हणून बसलेय.

तुझीच,
शेपूट